चिंगे, धाव गो!

कामोठे गावातल्या मालूकाकूंना पालीची भारी भीती. पाल दिसली की त्या ओरडायच्या, "चिंगे, धाव गो!" आणि त्यांची मांजर असेल तिथून धावत येऊन पाल मटकावायची.

महिनाभर चिंगीचा खोकला थांबेना, तेव्हा काकू तिला पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"फुप्फुसात जंत झालेत. पाली खाते का ही?"

"घरान एक पन ठेवली नाय तिनी!" काकू कौतुकाने म्हणाल्या.

"त्यांच्यातूनच आलेत. औषध देतो, पण फार उशीर झालाय. हिला अजिबात धावू देऊ नका."

घरी येऊन काकूंनी चिंगीला गोधडीवर निजवलं, तोच समोरच्या भिंतीवर पाल सरकली.

काकूंनी तोंडावर हात दाबेपर्यंत हाक निघून गेली होती, आणि चिंगी धापा टाकत उठली होती.