मागे राहणाऱ्यांसाठी सूचना

“ज्यांना बोट लागते त्यांनी हात वर करा,” टूर कंपनीची मानसी माईकवरून म्हणाली, आणि हरेश्वर खुर्ची मागे ढकलून उभाच राहिला.

“बोट मला लागत नाय, पोरी. बोटीला मी लागतो.”

हॉलमध्ये हशा पिकला. मथुरा हसली नाही. तिनं नवऱ्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं.

अंधेरीतला हॉल. समोर पडदा, पडद्यावर पांढरंशुभ्र जहाज, आणि खुर्च्यांवर महिनाअखेर त्याच जहाजानं मॉरिशसला निघालेली माणसं. लेकीनं, नमितानं, आईबापांची तिकिटं काढली होती. बाप आयुष्यभर वेसाव्याच्या बंदरातून मासेमारीला गेला. आईनं आयुष्यभर ती मासळी मार्केटात बसून विकली. धक्क्यापलीकडे तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

सूचना: खोली जहाजाच्या मधोमध घ्या. हेलकावे कमी बसतात.

“मधोमध आम्ही बर्फ ठेवतो,” हरेश्वर.

सूचना: पहिल्या दिवशी बेतानं खा. जवळ आलेपाकाच्या वड्या असू द्या.

“आलेपाक घेऊन समुद्रात. वाट लागली समुद्राची.”

मथुरानं सकाळीच आलेपाक घेतला होता. तिनं मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. आठवडाभर ती ह्या मीटिंगची वाट बघत होती. मानसीचा एकेक शब्द तिला हवा होता, आणि प्रत्येक शब्दावर हा माणूस पाय देऊन उभा होता.

“बाबा, जरा ऐकू द्या ना,” नमिता कुजबुजली.

“तू ऐक. मला समुद्र ही पोरगी शिकवणार?”

सूचना: भर समुद्रात फोन लागत नाही. कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात असाल, ते घरी सांगून निघा. मागे राहिलेल्यांच्या जिवाला घोर नको.

ह्यावर मात्र हरेश्वर मनापासून हसला. शेजारच्या गृहस्थांकडे वळून म्हणाला, “घरी काय सांगायचं, साहेब? समुद्रात गेलेला माणूस येतो तेव्हा येतो. आमच्या बायकांनी कधी विचारलं नाय.”

मथुराचा हात पिशवीवरून सुटला.

पडद्यावर नसलेली सूचना: वादळात सगळ्यांच्या बोटी परतल्या आणि आपलीच आली नाही, तर त्या घरात चूल पेटवावी का?

पडद्यावर नसलेली आणखी एक: शेजारणी दारात येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, तर त्यांना ‘बसा’ म्हणावं का?

त्या वादळाच्या वर्षी त्यानं बोट जयगडच्या खाडीत आडोशाला नेली होती. तिथून फोनही केला होता. घरी नाही. दलालाला. पापलेटला भाव काय चाललाय, विचारायला. नवरा जिवंत आहे हे मथुराला मार्केटात, गिऱ्हाइकांच्या देखत, त्या दलालाच्या तोंडून कळलं. ती सुरमई कापत होती. तिनं मान हलवली आणि कापत राहिली. परत आल्यावर त्यानं विचारलं, जेवायला काय आहे. तिनं वाढलं.

विचारलं नाय. कधी विचारू दिलं होतं?

“चल, मथुरा,” हरेश्वर पुन्हा उठला. “नमिता, नावं काढून टाक. असल्या पोरखेळात मी येत नाय.”

आणि तो चालायला लागला. मागं न बघता. बोटीवर जाताना जायचा तसाच. बायको पाठोपाठ येते आहे की नाही, हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

मथुरा बसूनच राहिली.

“मानसी,” तिनं हाक मारली. आवाज मार्केटातला होता; अख्खा हॉल वळून बघायला लागला. “ह्याचं नाव काढ. माझं ठेव. माझ्या खोलीत माझी लेक येईल.”

नमितानं आईकडे बघितलं. मग म्हणाली, “रजा टाकते मी.”

हरेश्वर दारातून उलटा फिरला. “डोकं फिरलंय का तुझं? बाईमाणूस भर समुद्रात? आपल्यातली कुठली बाई गेलीय कधी?”

“मी जातेय.”

“आणि तुला काय झालं तर? मी काय बंदरावर बसून वाट बघत राहू?”

बोलून गेल्यावर तो स्वतःच थबकला. वेसाव्यात कुणा पुरुषाच्या तोंडून मथुरानं हे आजवर ऐकलं नव्हतं.

ती उठली. त्याच्यासमोर जाऊन तिनं उजवा हात पुढे केला. डाव्या मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजव्यावर काचेची एकही नाही. लग्नाच्या दिवसापासून नाही. त्या दिवशी ह्या हाताच्या बांगड्या तिनं समुद्रात सोडल्या होत्या, सगळ्या जुन्या कोळणी सोडत तशा. माझा नवरा सुखरूप परत आण, एवढं समुद्राला सांगून.

“तुझ्यासाठी ह्या हाताच्या टाकल्या मी,” ती म्हणाली. “आता तू सांग. माझ्यासाठी काय टाकणार?”