काठावर पाय

"पाय बाहेर पडला की हाक मारेन हं त्याला," स्टॅनहोप ओढ्याच्या काठावरून म्हणाला. त्याच्या हातातला फोन व्हर्नाच्या बुटांवर रोखलेला होता. फाटकापाशी शेरीफच्या गाडीला टेकून लेलँड उभा होता. लेलँड म्हणजे शेरीफचा शिपाई, आणि व्हर्नाच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

"मारा की हाक. कंटाळला असेल बिचारा," व्हर्ना म्हणाली आणि गुडघाभर पाण्यातून पुढे सरकली.

मोंटानात ओढ्याचा तळ कुणाच्या बापाचा नसतो. दोन्ही काठ विकत घ्या, तारा ओढा, पाट्या ठोका, पाण्यातून चालणाऱ्याला कुणी हात लावू शकत नाही. गवतावर पाऊल पडलं की मात्र ती घुसखोरी. हे खोरं विकत घेतल्यापासून स्टॅनहोप त्या एका पावलासाठी टपून बसला होता. आणि व्हर्ना टॉलेफसन त्याच्या नाकावर टिच्चून दर मार्चमध्ये याच पाण्यातून वर जायची. हौशी लोकांना ट्राउट मासे धरायला नेणं, हेच तिचं पोट. तिला एकदा ताकीद मिळून चुकली होती. आता गुन्हा नोंदला गेला तर परवाना रद्द होणार होता, आणि त्याबरोबर धंदाही.

आभाळ भरलेलं होतं. काठाला अजून बर्फाची कड होती, पण पाणी काचेसारखं नितळ. डोंगरावरचं वितळून ओढा गढूळ व्हायला अवकाश होता. अशाच कुंद दिवशी पाण्यावर बारीक माश्या उठतात आणि ट्राउट वर येतात. व्हर्नाने गळाची काठी मागे नेली, दोरी सोडली. गळाला बांधलेली पिसाची इवलीशी खोटी माशी अलगद पाण्यावर टेकली.

तिचं लक्ष मात्र तळाकडे होतं. तिच्या मागे, वळणाच्या जरा वर, काठालगत, तळाची खडी एका पट्ट्यात लख्ख उजळ दिसत होती. तो पट्टा टाळून ती पार पलीकडून, कमरेइतक्या खोल, गार पाण्यातून वर आली होती, आणि मग पुन्हा या काठाखाली. खोऱ्यातले लोक अशा पट्ट्याला पाळणा म्हणतात. मादी शेपटीने गोटे घासून साफ करते, त्यात अंडी घालते; वर पाऊल पडलं की ती चिरडतात. इथलं शेंबडं पोरही पाळण्यावर पाय देत नाही.

"पाण्यात पाय गारठले असतील," स्टॅनहोप म्हणाला. "या वर. शेकोटी करतो तुमच्यासाठी."

"आणि वर कॉफी द्याल, साहेब? तुमच्या घरची कॉफी फार पाणचट, गावभर बोभाटा आहे."

लेलँडने तोंड फिरवून हसू दाबलं. स्टॅनहोपला ते दिसलं. त्याचे कान लाल झाले. त्याच्या अंगावर पाण्यात उतरायची कोरी करकरीत रबरी विजार होती, आजवर पाणी न लागलेली.

"तळ सगळ्यांचा ना? मग माझाही," तो म्हणाला आणि व्हर्नापासून बराच खाली, वळणापाशी, धपकन पाण्यात उतरला. तिच्या दिशेने सरळ चालू लागला. मध्ये तो उजळ पट्टा होता. मासोळ्यांची एक जोडी भेदरून बाजूला झाली.

"साहेब, तिथून नको. पलीकडून या."

"आता तुम्ही मला सांगणार, पाय कुठे टाकायचा?" त्याने मुद्दाम पाऊल लांब टाकलं.

व्हर्नाने त्याच्या पुढच्या पावलाची जागा पाहिली. अडवलं की मुद्दाम घुसणारा माणूस. आणि त्याला अडवण्याचा हक्क तिला नव्हता. तो हक्क कुणालाच नाही, हे सांगत तर ती इतकी वर्षं भांडली होती.

तिने दोरी गुंडाळली. काठाचं एक मूळ धरलं आणि सरळ वर चढली. स्टॅनहोपच्या गवतावर. नुसती चढली नाही. गुन्हा करायचाच तर सावकाश करावा म्हणून तिने बैठक मारली, एक बूट काढला आणि त्यातलं पाणी त्याच्या गवतावर ओतलं.

"अहो साहेब," तिने हाक दिली, "हे बघा कुठे बसलेय."

स्टॅनहोप जागच्या जागी थबकला. पाण्यातून पोचायला वेळ लागला असता. तो गर्रकन मागे वळला, धडपडत काठावर चढला आणि फोन सरसावून गवतावरून धावत सुटला. "ये, ये लवकर!" तो लेलँडला ओरडत होता. "आत्या आहे म्हणून सोडायचं नाही!"

लेलँड जड पावलांनी आला. खिशातून दंडाचं पावतीपुस्तक काढलं आणि तसंच धरून उभा राहिला.

"आत्या, काय केलंस हे? आणखी थोडं पाण्यात राहिली असतीस तर मी याला हात हलवत परत पाठवला असता. तुझा परवाना जाईल. घर कशावर चालवणार?"

"पाहीन काहीतरी." व्हर्ना पायाची बोटं चोळत होती.

"अगं, पण का?"

व्हर्नाने हनुवटीने ओढ्याकडे खूण केली. लेलँडने पाहिलं. मासोळ्यांची जोडी उजळ खडीवर परत आली होती.

"तो बाहेर आला ना?" ती म्हणाली. "मग लिही."