टाळ्यांनी मंजूर

या वेळी दाराशी खाऊचे डबे नव्हते. एरवी सभेला आलेल्या प्रत्येक शेअरधारकाच्या हातात कंपनी गोड घेवड्याच्या वड्यांचा डबा ठेवायची. आज नुसतंच वाकून स्वागत.

"पाहुणा नकोसा झाला की आधी चहा बंद होतो," म्हातारा कारासावा म्हणाला आणि तोकिएबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसला. तो या कारखान्यातूनच निवृत्त झालेला. तोकिएबाईंचा नवरा तामोत्सू मोमोसे आणि तो एकाच बाकावर सेन्सर जोडायचे. तामोत्सू गेल्यापासून सभेला तो बाईंच्या शेजारीच बसतो, आणि गप्प म्हणून बसत नाही.

"चाळीस टक्के चढा भाव देतायत, वहिनी. माझ्या बायकोनं जन्मात मला एवढा भाव दिला नाही."

"मला नकोत ते पैसे, भाऊजी."

"नको म्हणून काय होतंय? खात्यात येऊन पडणारच."

"पडू देत. मी टाळी वाजवणार नाही."



तोक्योच्या गुंतवणूकदारांनी रोख पैसे मोजून हिनोसे कंपनी जवळजवळ सगळी विकत घेतली होती. उरले होते ते गावातले किरकोळ शेअरवाले. आज ठराव झाला की त्यांचेही शेअर जाणार. ठराव नापास व्हायचा प्रश्नच नव्हता, मतं केव्हाच जमली होती. पण इथे रीत अशी, की सभेनं टाळ्या वाजवायच्या आणि अध्यक्षांनी 'मंजूर' म्हणायचं. तोकिएबाई इतकी वर्षं मुकाट्यानं वाजवत आल्या होत्या. आधी नवऱ्याशेजारी बसून, मग त्याच्याशिवाय.

तामोत्सूनं दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे करून ते शेअर जमवले होते. दवाखान्यात शेवटी शेवटी त्यानं बाईंचा हात धरून सांगितलं होतं, "घर विकलंस तरी चालेल, पण ते विकू नकोस." आता बाई विकत नव्हत्याच, पण धरून तरी कशा ठेवणार? मात्र दुसऱ्यानं काढून घेणं वेगळं आणि आपण 'हो, न्या' म्हणणं वेगळं. सकाळी त्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवताना त्यांनी तेवढंच वचन दिलं होतं. हातात दुसरं होतं काय त्यांच्या?

व्यासपीठावर शुहेइ हिनोसे उभा राहिला. कंपनी काढणाऱ्याचा नातू. मुलगा वाईट नाही, पण काळ्या सुटात त्याचा चेहरा अगदी उतरलेला दिसत होता. त्यानं विचारलं, कुणाला काही प्रश्न?

तोकिएबाई उठल्या. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"पैसे सगळे तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "मला एक शेअर ठेवता येईल का? एकच."

मागे कुणीतरी हसलं. शुहेइ हसला नाही.

"नाही ठेवता येणार, मोमोसेबाई. लाखो शेअरांचा मिळून आता एक होणार. तुमच्या वाट्याला त्यातला तुकडा येतो, आणि तुकडा कुणालाच ठेवता येत नाही. त्याचे पैसे मिळतात." तो थांबला. "माफ करा मला."

"बरं," म्हणून तोकिएबाई खाली बसल्या. वरातीमागून घोडं, त्यांनाही ते कळत होतं. पण विचारायचं तर होतं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर घट्ट दाबून ठेवले.

मग शुहेइ कागद बाजूला ठेवून बोलायला लागला. आजोबांनी गोदामात चार बाकं टाकून काम सुरू केलं तेव्हाचं बोलला. थंडीत कामगारांची बोटं आखडायची, तेव्हा चहाच्या किटलीला हात लावून शेकायची आणि पुन्हा तार जोडायला घ्यायची, ते बोलला. त्यातले बरेच जण आज नाहीत, म्हणाला. "त्या हातांचे उपकार आम्ही विसरणार नाही. आपण सर्वांनी या ठरावाला मान्यता द्यावी, ही विनंती." आणि तो कमरेत इतका वाकला की त्याचा चेहरा दिसेना.

पुढच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. तिथं सगळे जुने कामगारच होते. बघता बघता सगळा हॉल वाजू लागला. काही जण वाजवता वाजवता डोळे पुसत होते. तोकिएबाईंना किटली दिसत होती, तामोत्सूची फुटलेली, काळी पडलेली नखं दिसत होती. त्याच्यासाठी एवढी माणसं टाळ्या वाजवतायत, हे बघून त्यांचा ऊर भरून आला.

"बहुमतानं मंजूर," शुहेइ म्हणाला. "आपला आभारी आहे."

तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली होती. दोन्ही तळवे लालबुंद झाले होते.

लोक उठून चालायला लागले. तोकिएबाई हलल्या नाहीत. त्यांनी तळवे एकदा उलटे केले, एकदा सुलटे केले.

"मी वाजवली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "वाजवली मी."

कारासावानं वाकून पर्स उचलली, झटकली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्याचे हात बाईंच्या हातांना लागले, कोरडे, थंडगार. बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही?"

"मी नाही."

"तुम्हाला तर पैसे हवे होते."

"हवेतच. छप्पर गळतंय घरी." तो रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे बघत राहिला. "म्हटलं, एवढ्या लोकांत वहिनी एकट्याच गप्प बसणार. कुणीतरी सोबतीला नको का?"