मलमलीतली डिस्क

कपाटातून मलमलीची घडी काढताना केळुसकरबाईंच्या हाताला डांबरगोळ्यांचा वास लागला. संग्रहालयातल्या जुन्या पैठण्या ठेवतात, तशीच आधीच्या साहेबांनी ही हार्ड डिस्क गुंडाळून ठेवली होती.

समोर धुरपताबाई बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं आपलं किंगरी हे तंतुवाद्य संग्रहालयाला दिलं, तेव्हा त्याची गाणीही इथंच रेकॉर्ड झाली होती. या उन्हाळ्यात तो वारला.

"यांचा आवाज एकदा ऐकवा, मॅडम."

डिस्क जोडली. पडद्यावर सगळी गाणी नावानिशी दिसली, पण एकही उघडेना. केळुसकरबाईंनी चिन्हं नीट पाहिली, तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण होता. साहेबांनी गाण्यांऐवजी नुसते शॉर्टकट, म्हणजे मूळ फाइल कुठे आहे ते दाखवणारे दुवे, कॉपी केले होते. खरी गाणी ज्या जुन्या कॉम्प्युटरवर होती, तो मागेच भंगारात गेला होता.

"ही गाणी आणखी कुणाकडे आहेत का हो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"लेकीच्या मोबाइलात होती की," धुरपताबाई पदर सावरत म्हणाल्या. "मोबाइल भरला, तसं मीच म्हटलं, पुसून टाक. तिथं साहेबांनी कपाटात जपून ठेवलीत."