व्याह्याचा घास

व्याह्यांनी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी असा मूठभर घास उचलला, तेव्हा उल्कान चहाची किटली घेऊन दाराशी उभी होती.

"उघडा तोंड, व्याही! लेक नेलीत आमची, आता हा घास चुकायचा नाही!"

सगळी बैठक हसली. उल्कानच्या सासऱ्यांनी आ वासला. व्याह्याच्या हातचा घास नाकारायचा नसतो, आणि थुंकायचा तर नसतोच नसतो. नातं त्या घासानेच पक्कं होतं.

ती लेक म्हणजे उल्कानची धाकटी जाऊ, बेगायिम. शाळेत मास्तरीण, लग्नाला आठ महिने. उल्कानला या घरात बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं तिने पहाटे चूल पेटवली, मेंढ्यांची आतडी गार पाण्यात धुतली, आणि कुणी कधी मान वर करून बघितलं नाही. बेगायिमने मात्र बोरसोकांचं, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचं, ताट नुसतं आणून ठेवलं, तरी सासूबाई पाहुण्यांना म्हणायच्या, "बघा तरी, कसे फुलासारखे तळलेत!" तळलेले उल्कानने असायचे.

त्यात मागच्या महिन्यात बेगायिम शहरातून प्रथमोपचार शिकून आली आणि गावातल्या बायकांना शिकवायला लागली. सहा दिवसांचा वर्ग. लोकर भरलेल्या बाहुल्याला मागून मिठी मारायची आणि पोट दाबायचं, म्हणजे घशात अडकलेलं बाहेर पडतं म्हणे. सगळ्या बायकांनी नावं दिली. उल्कानने दिलं नाही. "मला गाई आहेत बघायला," ती सासूबाईंना म्हणाली होती. "बाहुल्यांशी खेळायचं वय गेलं माझं."

सासरे हसता हसता तो घास गिळायला गेले, आणि हसू चेहऱ्यावर तसंच थिजलं. त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला. घास बाहेर पडला तर व्याह्याचा अपमान! मान लाल झाली, मग जांभळी. ना खोकला, ना आवाज.

"नाटकी माणूस!" व्याही मांडीवर थाप मारून म्हणाले. पण सासऱ्यांचा दुसरा हात जेवणाखाली अंथरलेलं दस्तरखान ओरबाडू लागला, तशी बैठक चपापली. कुणी त्यांचे हात धरून वर ओढले. कुणी कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा ओठांना लावला. सगळं दाढीवरून ओघळलं.

"पाजू नका काही!" बेगायिम ओरडली. "श्वास कोंडलाय त्यांचा!"

"मग कर ना तू!" तिचा नवरा तालान किंचाळला. "तुलाच येतं ना ते!"

बेगायिम धावली. सासऱ्यांच्या मागे गेली, हात पसरले आणि तिथेच अडली. आठ महिने तिने रोज सकाळी उंबऱ्यापासून वाकून त्यांना नमस्कार केला होता. त्यांना कधी पाठ दाखवली नव्हती, त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती. आता त्यांच्या पोटाला मिठी मारायची? आई-बापादेखत, भरल्या बैठकीत? बाहुला लोकरीचा होता. हे सासरे होते. तिचे हात हवेतच राहिले.

उल्कानला आतून गार वाटलं. खरंच वाटलं. अडली ना शहाणी! निमिषभरच, पण वाटलं.

मग तिची नजर सासऱ्यांच्या ओठांवर गेली. ते शाईसारखे झाले होते.

किटली खाली आदळली. "सरक गं!" उल्कानने सासऱ्यांना पुढे वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने सणसणीत पाच थापा घातल्या. काही नाही. मग मागून कंबरेला विळखा घातला, बेंबीच्या वर मूठ रोवली, तिच्यावर दुसरा हात धरला आणि आत, वर, असा हिसका दिला. एक. दोन. डोक्यावरचा रुमाल सुटून गळ्यात आला. तीन. ज्या माणसाच्या हाताला बावीस वर्षांत तिचं बोट लागलं नव्हतं, त्याला ती मांजराने पिल्लू धरावं तशी धरून होती. चार.

घास सुटला तो थेट व्याह्यांच्या मांडीवर जाऊन पडला.

सासऱ्यांनी घर्रकन श्वास ओढला. खोकले, रडले, पुन्हा खोकले. मग घोगऱ्या आवाजात व्याह्यांना म्हणाले, "घ्या. तुमचा तुम्हाला परत. पण नातं पक्कं हं."

बैठकीत हसणं आणि रडणं एकत्रच फुटलं. सासूबाई रुमालाच्या टोकाने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या बेगायिमने वर्ग घेतला म्हणून हे वाचले गं बाई!"

उल्कानने ते ऐकलं. किटली उचलली आणि बाहेर अंगणात चहाचं पाणी तापत होतं त्या समोवारापाशी गेली.

बेगायिम मागोमाग आली. नाक लाल, डोळे सुजलेले. "पोट जोरात दाबलं गेलंय, डॉक्टरांना दाखवायला हवं. तालान गाडी काढतोय." मग ती तिथेच घुटमळली. "जाऊबाई, माझे हातच पुढे होईनात. तुम्ही नसता तर..."

"असू दे. रडू नकोस, थंडीत गाल फुटतील."

"पण तुम्ही एकही दिवस वर्गाला आला नाहीत. पाच थापा, मूठ कुठे ठेवायची, कसं ओढायचं... सगळं बरोब्बर! कुठे शिकलात?"

उल्कानने समोवारात दोन ढलप्या सारल्या.

"शाळेच्या मागच्या खिडकीतून बघितलं. सहाही दिवस."

"अहो, मग आत यायचं ना! बर्फात कशाला उभ्या राहिलात?"

"तू कुठे चुकतेस ते बघायला," उल्कान म्हणाली. "पाय गोठले माझे. मेले, एकदा तरी चुकायचंस!"