कुठे विचारू नये

दोन देश ज्या पाण्यावर हक्क सांगत होते, तिथे आता दोघांचे बोलके बोये, म्हणजे खुणेसाठी सोडलेले यांत्रिक पिंप, तरंगतात आणि येणाऱ्या होडीला विचारतात, "कुठे चाललात?"

दर्यावर निघालेल्याला कुठे विचारणे म्हणजे अपशकुन. याच पाण्यात पकडला जाऊन पलीकडच्या तुरुंगात वर्षे काढलेला धाकू मेहेर दरवेळी तो प्रश्न ऐकताच रिकाम्या जाळ्याने परत फिरे.

शेवटी त्याची बायको नवशी होडीत बसली. "बाळा, कधी येणार असं विचारावं," तिने बोयाला समजावले.

"काका, कधी येणार?"

"दुपारी," धाकू हसला.

पुढे पलीकडच्या देशाचा बोया आपल्या भाषेत बोलला.

"हा काय म्हणतो?" नवशीने विचारले.

"तेच. आपल्या बोयाचं ऐकून शिकला. कधी येणार," तुरुंगात ती भाषा शिकलेला धाकू म्हणाला.

धाकू तुरुंगात असताना पलीकडच्या किनाऱ्याकडे बघून नवशीने रोज हेच विचारले होते.

"सांग की त्यालाही," ती म्हणाली.