चौथ्या फाटकामागचा किनारा

न्यूझीलंडमधल्या कॅटलिन्सच्या बाजूला, मेंढ्यांच्या कुरणातलं चौथं फाटक ओलांडलं की लागणारा तो छोटा किनारा फक्त तिघांना ठाऊक होता: व्हेल्मा, तिचा नवरा क्लाइव्ह आणि तिची बहीण एडना. दर उन्हाळ्यात कॅम्परव्हॅन घेऊन तिघं तिथे मुक्काम टाकत. एका वर्षी जाऊन बघतात तर परक्या गाड्यांची ही जत्रा!

"एडनाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ," म्हणत व्हेल्माने सख्ख्या बहिणीचं तोंड बघायचं सोडलं. "मी नाही सांगितलं कुणाला," एडनाने रडून रडून सांगितलं, पण ही ढिम्म. "आपलंच माणूस उलटतं गं," क्लाइव्ह मान हलवायचा. मागच्या मार्चमध्ये एडना गेली, तर व्हेल्मा तिच्या मातीलाही गेली नाही.

यंदा फाटकाशीच एका तरुण बाईने त्यांची गाडी थांबवली.

"आजी, आत पाय ठेवायला जागा नाही हो. कुणीतरी गुपित फोडलंय."

"कुणीतरी कशाला? माझ्या बहिणीनेच!" व्हेल्मा फणकारली.



बाईने वाकून स्टिअरिंगवरच्या क्लाइव्हकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला, "अय्या आजोबा, तुम्ही! दोन माशांच्या बदल्यात तुम्ही काढून दिलेला इथला नकाशा अजून जपलाय आम्ही!"